रिपोर्टमध्ये ‘हायपर’ आलं, आता पुढे कुठं जायचं?

भिवंडीजवळच्या कशेळीतून डॉक्टरकडे निघालेल्या माणसासमोर दोन रस्ते असतात. एक भिवंडी शहराकडे जातो. दुसरा खाडीपूल ओलांडून बाळकुम, कापूरबावडी करत ठाणे स्टेशनला पोचतो आणि तिथून लोकलनं मुंबईतल्या परळच्या मोठ्या रुग्णालयांकडे. थायरॉईडची ग्रंथी जास्त काम करते आहे असा रिपोर्ट हातात आल्यावर या दोन्ही रस्त्यांवर चकरा सुरू होतात. त्यांतल्या बऱ्याच टाळता येण्यासारख्या असतात. कोणतं काम गावाजवळ होतं, कशासाठी ठाण्याला जावं लागतं आणि परळ कधी गाठायचं, हे आधी कळलं तर रोजंदारी बुडत नाही आणि एकच तपासणी दोनदा करावी लागत नाही.

सुरुवातीलाच एक घोटाळा दूर करायला हवा. आपल्याकडे ‘मला थायरॉईड आहे’ असं कुणी म्हटलं की बहुतेक वेळा ग्रंथी कमी काम करते आहे असा अर्थ असतो. त्या आजाराला रोज सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिनची गोळी घेतात. हायपरथायरॉईडिझम म्हणजे नेमका उलटा प्रकार. इथं शरीरात हार्मोन आधीच जास्त झालेलं असतं. शेजारणीची किंवा जावेची थायरॉईडची गोळी अशा माणसाला दिली तर हृदयाचे ठोके आणखी वाढतील. गोळीचं नाव न वाचता ‘आपला आजार एकच’ म्हणून ती वाटून घेणं धोक्याचं आहे, आणि घराघरांत हे घडतं म्हणून ते इथं स्पष्ट लिहितो आहे.

आता रिपोर्ट. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी टी-४ आणि टी-३ ही दोन हार्मोनं बनवते. ती किती बनवायची याचा हुकूम मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएचच्या रूपानं सोडते. रक्तात टी-४, टी-३ वाढली की पिट्युटरी हुकूम आवरता घेते आणि टीएसएच खाली जातं. म्हणून हायपरच्या रिपोर्टमध्ये टीएसएच अगदी शून्याजवळ आणि फ्री टी-४, फ्री टी-३ वर गेलेलं दिसतं. ‘टीएसएच कमी आलं म्हणजे बरंच झालं की’ असं समजून कागद कपाटात ठेवणारे असतात. हा कमी आकडाच आजाराची खूण आहे. कधी टी-४ ठीक दिसतं आणि फक्त टी-३ वाढलेलं असतं. त्यामुळे नुसतं टीएसएच करून थांबू नये, त्याच नमुन्यात फ्री टी-४ आणि फ्री टी-३ दोन्ही मागावीत. एकूण टी-३, टी-४ गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना उगाच वाढलेली दिसतात. म्हणून ‘फ्री’ हा शब्द चिठ्ठीवर असलेला बरा.

तपासणी खोटं बोलू शकते, आणि त्याचं एक कारण औषधाच्या दुकानातच मिळतं. केस गळतात म्हणून अनेक जणी बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या घेतात. बऱ्याच लॅबमधल्या तपासणीच्या पद्धतीत हे बायोटिन लुडबुड करतं. टीएसएच खोटं कमी आणि टी-४, टी-३ खोटी जास्त दाखवतं, म्हणजे हायपरचं हुबेहूब चित्र उभं राहतं. निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवून पुन्हा रक्त द्यावं, मात्रा खूप मोठी असेल तर आणखी थांबावं. दुसरी गोष्ट गरोदरपणाची. पहिल्या तिमाहीत टीएसएच नैसर्गिकरीत्या खाली जातं. पाळी चुकली असेल तर रक्त देण्याआधी ते डॉक्टरांना सांगायचं, लाजायचं नाही, कारण पुढच्या जवळजवळ प्रत्येक तपासणीचा आणि औषधाचा निर्णय त्यावर अवलंबून आहे.

रिपोर्ट पक्का झाला की पहिली भेट मोठ्या तज्ज्ञाची असायलाच हवी असं नाही. जवळचा एमडी मेडिसिन डॉक्टर पुरेसा आहे. गरज आहे ती त्याच आठवड्यात भेटण्याची. तो नाडी बघेल, ईसीजी काढेल, हात पुढे करायला लावून बोटांचा कंप बघेल, डोळे आणि गळा तपासेल. नाडी अनियमित असेल तर वेळ दवडता येत नाही. साठीच्या पुढच्या माणसात हायपरचं लक्षण कधीकधी तेवढंच असतं, बाकी घाम, थरथर, चिडचिड काहीच नसतं. ‘वय झालं, वजन उतरलं’ म्हणून घरचे गप्प बसतात आणि आत हृदयाचा ताल बिघडलेला असतो. अशा तालामुळे हृदयात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघातही होऊ शकतो.

ठोके आवरण्यासाठी प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी लगेच सुरू करता येते, मूळ कारण कळायची वाट बघावी लागत नाही. दमा असेल तर मात्र ही गोळी चालत नाही, तेव्हा दमा आहे हे आपण होऊन सांगायचं. याच भेटीत सीबीसी आणि यकृताची तपासणी करून घ्यावी. पुढे जी औषधं लागतात त्यांचा क्वचित पांढऱ्या पेशींवर आणि यकृतावर परिणाम होतो. गोळी सुरू होण्याआधीचा आकडा हाताशी नसेल तर नंतर तुलना कशाशी करणार?

आता मुख्य मुद्दा. हायपरथायरॉईडिझम हे अर्धंच निदान आहे. ग्रंथी जास्त काम का करते आहे हे कळल्याशिवाय ते पुरं होत नाही, आणि आपल्याकडे नेमका हाच टप्पा सर्वांत जास्त वेळा गाळला जातो. रिपोर्ट बघून लगेच कार्बिमॅझोल ही हार्मोन कमी करणारी गोळी लिहून दिली जाते आणि महिनोन् महिने ती चालू राहते. ती बऱ्याच जणांना लागू पडते, हे खरं. पण सगळ्यांना नाही.

कारणं मुख्यतः तीन. सर्वांत जास्त आढळतो तो ग्रेव्हज आजार. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज या डॉक्टरनं १८३५ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. यात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती ग्रंथीला सतत चेतवते. काहींचे डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात, टोचतात, लाल होतात. दुसरं कारण ग्रंथीत वाढलेली एक गाठ किंवा अनेक गाठी, ज्या कुणाचा हुकूम न ऐकता हार्मोन बनवत राहतात. तिसरं कारण थायरॉइडायटिस, म्हणजे ग्रंथीची सूज. यात नवं हार्मोन जास्त बनतच नाही, आधीच साठवलेलं गळून रक्तात येतं. टाकी फुटून पाणी वाहतंय तेव्हा पंप बंद करून काय उपयोग? कार्बिमॅझोल हार्मोन बनवण्याचं काम थांबवते, म्हणून या प्रकारात ती निरुपयोगी ठरते. काही आठवड्यांत, फार तर दोन-तीन महिन्यांत साठा संपतो, मग ग्रंथी काही काळ मंद पडते आणि बहुतेकांची पुन्हा रुळावर येते. बाळंतपणानंतरच्या वर्षात हा प्रकार होतो. एखाद्या तापानंतर गळा दुखून, हात लावू देत नाही इतका हुळहुळा होऊन होतो तोही यातलाच. बाळंतिणीची धडधड आणि झोप न लागणं ‘अशक्तपणा’ म्हणून सोडून दिलं जातं, तिथं एक टीएसएच करून बघायला हवं.

हे तीन प्रकार वेगळे करायला दोन तपासण्या कामाला येतात. एक रक्ताची, तिचं नाव टीआरएबी, म्हणजे टीएसएचच्या रिसेप्टरविरुद्धची प्रतिपिंडं. ती वाढलेली असली तर ग्रेव्हजचं निदान जवळजवळ पक्कं होतं आणि पुढचा स्कॅन बहुधा टळतो. ही तपासणी नेहमीच्या थायरॉईड पॅकेजात नसते. छोटी लॅब नमुना मोठ्या लॅबकडे पाठवते, रिपोर्टला काही दिवस लागतात आणि पैसेही टीएसएचपेक्षा बरेच जास्त पडतात. त्यासाठी स्वतः मुंबईला जायची गरज नसते, कशेळीत किंवा ठाण्यात रक्त दिलं तरी चालतं. पॅकेजात कधीकधी असते ती अँटी-टीपीओ. ती वेगळी. तिच्यावरून ग्रेव्हज ठरत नाही. चिठ्ठीवरचं नाव लॅबवाल्याला वाचून दाखवायचं आणि पावतीवर तेच नाव आलंय का ते बघायचं.

दुसरी तपासणी थायरॉईड स्कॅनची. यात शिरेतून टेक्नेशियम हा किरणोत्सारी पदार्थ अगदी थोड्या मात्रेत देतात आणि साधारण वीस मिनिटांनी गामा कॅमेऱ्यानं गळ्याचं चित्र घेतात. ग्रेव्हजमध्ये सगळी ग्रंथी उजळलेली दिसते, गाठीचा आजार असेल तर तेवढीच गाठ उजळते, थायरॉइडायटिसमध्ये ग्रंथी जवळपास दिसतच नाही. काही ठिकाणी आयोडीनचा अपटेक करतात. त्यात किरणोत्सारी आयोडीनची लहानशी मात्रा तोंडानं देऊन काही तासांनी आणि पुन्हा २४ तासांनी मोजणी होते, म्हणजे सलग दोन दिवस जावं लागतं. कशेळीहून दोन दिवस परळ म्हणजे दोन सुट्ट्या, तेव्हा तारीख घेतानाच विचारून घ्यावं. सोनोग्राफीनं गाठी दिसतात, डॉपलर केलं तर ग्रंथीतला रक्तप्रवाह कळतो. पण ग्रंथी काम किती करते हे साध्या सोनोग्राफीतून समजत नाही. सोनोग्राफी झाली म्हणजे स्कॅन झाला, असं समजू नये.

स्कॅनच्या आधी काही गोष्टी सांभाळल्या नाहीत तर तो फुकट जातो. कॉन्ट्रास्ट देऊन सीटी स्कॅन झाला असेल तर त्यातल्या आयोडीनमुळे ग्रंथी महिना-दोन महिने नवं आयोडीन नीट घेत नाही. कार्बिमॅझोल चालू असेल तर ती किती दिवस बंद ठेवायची हे डॉक्टर सांगतात, स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. आयोडीनचा अपटेक किंवा उपचार असेल तर एक-दोन आठवडे आयोडीनयुक्त मीठ आणि समुद्राचं खाणं बंद करायला सांगतात. खाडीकाठच्या आगरी-कोळी घरांत हे पथ्य अवघड आहे. तिथं ताजी मासळी, कोलंबी, सुकट, बोंबील सगळंच आलं, तेव्हा घरात आधीच सांगून ठेवलेलं बरं. एरवी, स्कॅन नसताना, हायपरच्या माणसानं मीठ बदलायची किंवा मासे सोडायची गरज नसते. समुद्री शेवाळाच्या गोळ्या आणि आयोडीनची टॉनिकं मात्र घेऊ नयेत. गरोदर स्त्रीचा हा स्कॅन करत नाहीत. अंगावर पाजणाऱ्या आईनं ते आधी सांगायचं, मग दूध किती वेळ बंद ठेवायचं ते ठरतं.

आता जागा. कशेळी ग्रामपंचायतीचं गाव, भिवंडी महापालिकेच्या हद्दीबाहेरचं. सरकारी वाटेनं जायचं तर सुरुवात प्राथमिक आरोग्य केंद्रापासून किंवा थेट भिवंडीच्या इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयापासून करता येते. हे रुग्णालय राज्य शासनाचं आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले आहेत. नाडी, ईसीजी, सीबीसी आणि पहिली औषधं एवढं इथं व्हावं, आणि पुढे पाठवायचं असेल तर त्यांची चिठ्ठी घ्यावी. पुढचा टप्पा ठाण्याचं जिल्हा रुग्णालय किंवा ठाणे महापालिकेचं कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. कळव्याला राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय जोडलेलं आहे, त्यामुळे मेडिसिन, सर्जरी, डोळे असे विभाग एकाच आवारात सापडतात.

कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ भागातल्या गोदामांत काम करणाऱ्यांसाठी आणखी एक दार आहे आणि ते कितीतरी जणांना माहीत नसतं. महिना पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि पगारातून ईएसआयसीचे पैसे कापले जात असतील, तर कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला कर्मचारी राज्य विमा योजनेतून उपचार मिळतात. कंत्राटदाराकडे कामाला असलेल्यांनाही हे लागू होतं. पगाराच्या पावतीवर कपात दिसते का बघा, विमा क्रमांक मागून घ्या. वाट विमा दवाखान्यातून सुरू होते, ठाण्यात वागळे इस्टेटला या योजनेचं रुग्णालय आहे आणि तिथं नसलेल्या सोयीसाठी ते पुढे पाठवतात.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबद्दलही विचारलं जातं. आता ती राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी आहे आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण देते. पण ती मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. शस्त्रक्रियेची वेळ आली तर रुग्णालयातल्या योजनेच्या आरोग्यमित्राला आधी भेटायचं. बाहेरून केलेल्या टीएसएच किंवा टीआरएबीचा खर्च त्यातून निघेल अशी आशा धरू नये.

परळ गाठायचं ते एंडोक्राइनोलॉजिस्टसाठी, म्हणजे हार्मोनच्या तज्ज्ञासाठी. १९२६ पासून चालू असलेल्या केईएम रुग्णालयात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. तिथून जवळच जेरबाई वाडिया मार्गावर भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे. ते १९६३ पासून काम करतं आणि थायरॉईडचे स्कॅन व किरणोत्सारी आयोडीनचे उपचार हे त्याचं जुनं, नावाजलेलं काम आहे. हे आयोडीन-१३१ ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं. मुंबई परिसरातल्या रुग्णाचं हे भाग्यच म्हणायला हवं, की ज्या उपचारासाठी इतर जिल्ह्यांतल्या लोकांना रात्रभराचा प्रवास करावा लागतो तो आपल्याला लोकलच्या अंतरावर आहे.

प्रत्येकाला तज्ज्ञाकडे लगेच जायची गरज नसते. पण काहींनी जायलाच हवं. गरोदर स्त्री किंवा मूल हवं असलेली स्त्री, डोळ्यांची लक्षणं असणारे, हृदयाचा ताल बिघडलेले, लहान मुलं, गाठ असलेले, आणि औषध घेऊनही दोन-तीन महिन्यांत आकडे न हललेले. जाताना सगळे जुने रिपोर्ट तारखेच्या क्रमानं लावा. मोबाइलमधल्या फोटोवर भागवू नका, स्कॅनची फिल्म सोबत घ्या. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्या, त्यात केसांची, सांधेदुखीची, वैद्यांची, सगळी आली. घरात आई, बहीण, मावशीला थायरॉईडचा त्रास होता का, तेही आठवून ठेवा. ओपीडीतल्या गर्दीत डॉक्टरकडे थोडी मिनिटं असतात. नीट लावलेली फाइल असली तर ती मिनिटं तुमच्या आजारावर खर्च होतात, कागद शोधण्यात जात नाहीत.

उपचारांच्या तीन वाटा. ग्रेव्हजमध्ये बहुधा कार्बिमॅझोलपासून सुरुवात होते. ती स्वस्त आहे, साधारण १२ ते १८ महिने घ्यावी लागते आणि त्यानंतर निम्म्याच्या आसपास रुग्णांचा आजार शांत राहतो. गाठीच्या आजारात गोळी आकडे आवरते, पण गाठ बरी करत नाही, बंद केली की आजार परत येतो. तिथं किरणोत्सारी आयोडीन किंवा शस्त्रक्रिया लागते. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत कार्बिमॅझोलऐवजी पीटीयू हे दुसरं औषध देतात. म्हणून दिवस राहिल्याचं कळताच त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा, पुढच्या तारखेची वाट बघायची नाही.

कार्बिमॅझोल घेणाऱ्या प्रत्येकानं एक सूचना पाठ करावी आणि घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवावी. ताप आणि घसा दुखणं, किंवा तोंडात फोड आले, तर गोळी बंद करून त्याच दिवशी सीबीसी करायची. क्वचित, हजारात दोन ते पाच जणांत, या औषधानं पांढऱ्या पेशी एकदम उतरतात आणि साधा संसर्ग जीवावर बेतू शकतो. हे बहुधा पहिल्या तीन महिन्यांत होतं. पावसाळ्यात ताप-घसा सगळ्यांनाच असतो आणि आपण मेडिकलमधून गोळ्या आणून भागवतो. कार्बिमॅझोलवर असताना तसं भागवायचं नाही. डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली तरीही वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. आणि खूप ताप, उलट्या, असंबद्ध बोलणं, ठोके भयंकर वाढणं असं एकत्र दिसलं तर ओपीडी कुठली याचा विचार न करता जवळच्या अपघात विभागात जायचं आणि ‘थायरॉईड हायपर आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगायचं.

किरणोत्सारी आयोडीनला लोक घाबरतात. नावाची भीती समजण्यासारखी आहे, पण १९४१ मध्ये बोस्टनला सॉल हर्ट्झ यांनी पहिल्या रुग्णाला ते दिल्यापासून जगभर ते वापरलं जात आहे. हायपरसाठीची मात्रा बहुतेकदा इतकी कमी असते की दाखल व्हावं लागत नाही, औषध पिऊन घरी जाता येतं. खरी अडचण घरी असते. काही दिवस वेगळं झोपायचं, लहान मुलांना मांडीवर घ्यायचं नाही, गरोदर बाईपासून लांब राहायचं. एका खोलीत सहा माणसं राहत असतील तर हे कसं जमणार, हा प्रश्न तारीख घेण्याआधी डॉक्टरांसमोर उघडपणे मांडा. मुलांना काही दिवस मामाकडे पाठवता येतं. या आयोडीनची किरणोत्सारिता आठ दिवसांनी निम्मी होते. गरोदरपणात हा उपचार देत नाहीत, नंतरही निदान सहा महिने दिवस राहू द्यायचे नसतात. डोळ्यांचा आजार यानं वाढू शकतो, त्यामुळे आधी डोळ्यांच्या डॉक्टरचं मत हवं. विडी-सिगारेट तर ताबडतोब सोडायची, ग्रेव्हजच्या डोळ्यांना तिच्याइतकं वाईट दुसरं काही नाही. आयोडीननंतर काही महिन्यांत बहुतेकांची ग्रंथी मंदावते आणि थायरॉक्सिन आयुष्यभर घ्यावं लागतं. हा उपचाराचा अपेक्षित शेवट आहे, त्याला बिघाड समजू नये.

शस्त्रक्रिया खूप वाढलेल्या ग्रंथीला, संशयास्पद गाठीला किंवा बाकीच्या दोन्ही वाटा बंद असतील तेव्हा. आधी औषधानं आकडे ताब्यात आणावे लागतात. आवाजाच्या नसा आणि कॅल्शियम सांभाळणाऱ्या चिमुकल्या ग्रंथी तिथंच असतात, म्हणून थायरॉईडची ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या सर्जनकडेच जावं.

औषध सुरू झाल्यावर चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायचं, शक्यतो त्याच लॅबमध्ये. तेव्हा टीएसएच शून्याजवळच दिसलं तर घाबरू नका. फ्री टी-४, टी-३ आधी खाली येतात, टीएसएच काही महिने मागे रेंगाळतं. गोळीची मात्रा फ्री टी-४, टी-३ बघून ठरवतात. बरं वाटलं म्हणून मधेच गोळी सोडू नका. डॉक्टरांनी गोळी बंद केल्यावरही आजार उलटण्याची शक्यता पहिल्या वर्षात सर्वांत जास्त असते, त्या वर्षात ठरलेल्या तारखांना रक्त द्यायचं चुकवू नका. आणि प्रत्येक भेटीत, पुढची तपासणी कोणती आणि कधी, हे केस पेपरवर लिहून घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.